६.३ टक्के कुणाचे? ट्रॅकिओस्टॉमीनंतरची गुंतागुंत आणि ती मोजण्याचा प्रश्न



पेपर वाचायचा कसा, हा प्रश्न संशोधनाची तयारी करणारे विद्यार्थी नेहमी विचारतात. त्याचं उत्तर नियमांची यादी देऊन फारसं कळत नाही. एखादा आकडा हातात घ्यायचा आणि तो कुठून आला, कुणाला लागू होतो, कुणाला नाही, हे शेवटपर्यंत तपासायचं, ही पद्धत मला जास्त उपयोगी वाटते. आजचा आकडा आहे ६.३ टक्के. ट्रॅकिओस्टॉमीनंतर होणाऱ्या गुंतागुंतीचं प्रमाण म्हणून तो प्रेझेंटेशनमध्ये, सेमिनारमध्ये, सिनॉप्सिसमध्ये सहज टाकला जातो. ज्या अभ्यासातून तो आला तो अभ्यास उत्तम आहे. तरीही पुण्यात २०२५ मध्ये जे घडलं त्याला हा आकडा लावायला गेलो तर तो चार ठिकाणी अपुरा पडतो. ती चार ठिकाणं आज बघू.

एक खुलासा आधीच करतो. मी सर्जन नाही आणि हा वैद्यकीय सल्ला नाही. घरात कुणाला नळी बसवलेली असेल तर निर्णय डॉक्टरांशी बोलूनच घ्या. इथे चर्चा फक्त पुराव्याची आहे.

आधी शस्त्रक्रिया समजून घेऊ

ट्रॅकिओस्टॉमी म्हणजे गळ्याच्या पुढच्या बाजूने श्वासनलिकेला छिद्र करून त्यात नळी बसवणं. नातेवाईक याला सरळ 'घशाला होल पाडलं' म्हणतात. तोंडातून घातलेली व्हेंटिलेटरची नळी फार दिवस ठेवली तर स्वरयंत्राला इजा होते, गुंगीची औषधं जास्त लागतात, तोंडाची निगा राखणं अवघड जातं. म्हणून व्हेंटिलेटर लांबणार असं दिसलं की गळ्यातून वाट करतात. पूर्वी हे ऑपरेशन थिएटरमध्येच व्हायचं. १९८५ मध्ये सियाग्लिया यांनी सुई आणि तार वापरून छिद्र हळूहळू रुंद करण्याची पद्धत मांडली आणि तेव्हापासून हे काम आयसीयूतल्या कॉटवरही होऊ लागलं.

गुंतागुंत तीन टप्प्यांत येते. पहिला टप्पा शस्त्रक्रियेच्या वेळचा: रक्तस्राव, नळी चुकीच्या वाटेने जाणं, छातीत हवा साठून फुप्फुस दबणं, श्वासनलिकेच्या मागच्या भिंतीला इजा. दुसरा टप्पा पुढच्या काही दिवसांचा आणि आठवड्यांचा: नळी घट्ट स्रावाने बंद होणं, नळी निघून येणं, छिद्राला संसर्ग. पहिल्या आठवड्यात छिद्राची वाट पक्की झालेली नसते, त्यामुळे नळी निघाली तर पुन्हा घालताना ती भलतीकडेच जाण्याचा धोका असतो. याच काळात, आणि पुढेही, क्वचित पण जिवावर बेतणारी गोष्ट म्हणजे नळी घासून शेजारच्या मोठ्या धमनीतून रक्तस्राव होणं. तिसरा टप्पा महिन्यांनंतरचा: श्वासनलिका अरुंद होणं, ज्याला स्टेनोसिस म्हणतात, आत मांसल गाठी वाढणं, भिंत मऊ पडणं, नळी काढल्यावरही छिद्र न बुजणं, गिळायला त्रास होणं.

हे तीन टप्पे लक्षात ठेवा. पुढची सगळी टीका त्यांच्यावर उभी आहे.

६.३ टक्के आले कुठून?

२०१३ मध्ये 'जामा' या नियतकालिकात ट्रॅकमॅन नावाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ब्रिटनमधले ७२ आयसीयू, ९०९ पेशंट. प्रश्न असा होता: ट्रॅकिओस्टॉमी लवकर करावी, म्हणजे चार दिवसांच्या आत, की दहा दिवस थांबून तेव्हाही गरज असेल तरच करावी? चिठ्ठ्या टाकल्यासारखं ४५५ जणांना लवकरच्या गटात आणि ४५४ जणांना उशिराच्या गटात घातलं. ३० दिवसांत लवकरच्या गटात ३०.८ टक्के आणि उशिराच्या गटात ३१.५ टक्के मृत्यू झाले. म्हणजे फरक नाही. घाई करून जीव वाचतो ही समजूत या आकड्यांपुढे टिकली नाही, आणि हे या अभ्यासाचं मोठं श्रेय आहे.

दुसरी महत्त्वाची गोष्ट. लवकरच्या गटात ९१.९ टक्के लोकांची ट्रॅकिओस्टॉमी झाली, उशिराच्या गटात फक्त ४४.९ टक्के लोकांची. दहा दिवस थांबल्यावर निम्म्याहून जास्त लोकांना ती लागलीच नाही. कुणी बरे होऊन व्हेंटिलेटरवरून उतरले, कुणी गेले. कुणाला व्हेंटिलेटर लांबणार हे डॉक्टरांना पहिल्या चार दिवसांत नीट सांगता येत नाही, हा यातून निघणारा धडा. थांबण्यामुळे अनेकांची शस्त्रक्रिया टळते, आणि टळलेल्या शस्त्रक्रियेला गुंतागुंत होत नाही.

आता गुंतागुंतीचा आकडा. पेपरमध्ये तो ६.३ टक्के आहे. लवकरच्या गटात ५.५ आणि उशिराच्या गटात ७.८. वही घ्या आणि हिशोब करा. ४५५ चे ९१.९ टक्के म्हणजे ४१८. ४५४ चे ४४.९ टक्के म्हणजे २०४. एकूण ६२२ लोकांची शस्त्रक्रिया झाली. त्यांचे ६.३ टक्के म्हणजे ३९ माणसं.

हेच ३९ जर सगळ्या ९०९ लोकांनी भागले तर ४.३ टक्के येतात. माणसं तीच, घटना त्याच, आकडा वेगळा. त्यामुळे कुठलंही प्रमाण वाचताना पहिला प्रश्न असा असावा: भागिले कोण? ट्रॅकमॅनने शस्त्रक्रिया झालेल्यांनी भागलं आणि ते बरोबरच आहे. पण 'लवकर करायचं असं धोरण ठेवलं तर किती जणांना इजा होईल?' असा प्रश्न असेल तर गटातल्या सगळ्यांनी भागायला हवं. लवकरच्या गटात ४५५ पैकी २३, म्हणजे सुमारे ५ टक्के. उशिराच्या गटात ४५४ पैकी १६, म्हणजे साडेतीन टक्के. आता बघा, शस्त्रक्रियेनुसार मोजलं तर 'उशिरा' जास्त धोक्याचं दिसतं आणि धोरणानुसार मोजलं तर 'लवकर'. दोन्ही फरक लहान आहेत, त्यावर इमले बांधू नयेत. पण दिशा उलटते हे बघण्यासारखं आहे. सिनॉप्सिसमध्ये नुसतं 'गुंतागुंतीचं प्रमाण ६.३ टक्के' लिहिणारा विद्यार्थी हा सगळा भाग गाळून टाकतो.

तीच शस्त्रक्रिया, एक तृतीयांशापेक्षा जास्त गुंतागुंत

ट्रॅकमॅनच्या तीन वर्षं आधी, २०१० मध्ये, त्याच 'जामा'मध्ये इटलीतल्या १२ आयसीयूंचा अभ्यास आला होता. तेरान्यी आणि सहकाऱ्यांचा. ४१९ पेशंट. लवकर म्हणजे ६ ते ८ दिवस, उशिरा म्हणजे १३ ते १५ दिवस. व्हेंटिलेटरमुळे होणारा न्यूमोनिया लवकरच्या गटात १४ टक्के आणि उशिराच्या गटात २१ टक्के होता, पण हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर उतरला नाही. या अभ्यासात ट्रॅकिओस्टॉमी झालेल्यांपैकी एक तृतीयांशापेक्षा जास्त लोकांना तिच्याशी संबंधित काही ना काही त्रास नोंदला गेला.

एकीकडे ६.३ टक्के, दुसरीकडे ३३ च्या वर. इटलीतले डॉक्टर पाचपट वाईट होते का? तसं मानायला आधार नाही. इटलीच्या यादीत छिद्राभोवतीची लाली आणि सूजसुद्धा गुंतागुंत होती. ट्रॅकमॅनमध्ये रक्तस्राव मोजला, पण सलाइन किंवा दुसरा काही उपाय करावा लागेल इतका झाला तरच. चाळणीची भोकं बदलली की खाली पडणारं पीठ बदलणारच.

हा मुद्दा संशोधन करणाऱ्यांसाठी फार महत्त्वाचा आहे. गुंतागुंतीची व्याख्या प्रोटोकॉलमध्ये आधीच लिहिलेली असते आणि अंतिम टक्केवारी बऱ्याच अंशी तिथेच ठरते. म्हणून दोन पेपरांतली प्रमाणं शेजारी ठेवून तक्ता करण्याआधी दोन्हीकडच्या व्याख्या शेजारी ठेवा. त्या जुळत नसतील तर तक्ता करू नका. आपल्याकडच्या कितीतरी प्रबंधांच्या दुसऱ्या प्रकरणात असे तक्ते असतात: लेखक, वर्ष, नमुना, टक्केवारी. व्याख्येचा रकानाच नसतो.

भाजकाशिवाय बोललं तर काय होतं: १९२१ ची गोष्ट

या विषयात भाजक विसरण्याचं एक प्रसिद्ध उदाहरण आहे. १९२१ मध्ये फिलाडेल्फियाचे स्वरयंत्रतज्ज्ञ शेव्हलियर जॅक्सन यांनी लिहिलं की छिद्र फार वर घेतल्यामुळे स्वरयंत्र कायमचं अरुंद होतं. त्यांच्यासमोर असे जवळजवळ २०० पेशंट होते. त्यांचा दरारा इतका की मानेत वरच्या भागात छिद्र घेण्याची ती पद्धत सर्जनांनी पुढे अर्धशतकभर जवळजवळ टाकून दिली.

पण जॅक्सन यांच्याकडे आलेले लोक कोण होते? अरुंदपणा झाला म्हणूनच पाठवलेले. ज्यांना वर छिद्र घेऊनही काही झालं नाही ते त्यांच्याकडे येण्याचं कारणच नव्हतं. अंश हातात होता, छेद नव्हता. १९७६ मध्ये ब्रँटिगन आणि ग्रो यांनी अशा शस्त्रक्रिया झालेले ६५५ पेशंट मांडले: एकूण गुंतागुंत ६.१ टक्के आणि कायमचा अरुंदपणा शून्य.

आता या शून्याकडेही संशयाने बघा. ० भागिले ६५५ म्हणजे 'होतच नाही' असं नाही. एक सोपा ठोकताळा आहे: न पैकी शून्य घटना दिसल्या तर खरं प्रमाण जास्तीत जास्त साधारण ३ भागिले न इतकं असू शकतं. म्हणजे इथे अर्धा टक्का. पुढे १९८२ मध्ये याच दोघांनी या शस्त्रक्रियेनंतरच्या अरुंदपणावर वेगळा पेपर लिहिला, कारण तो दिसू लागला होता. समजा, पुण्यातल्या एखाद्या हॉस्पिटलने सांगितलं, 'आम्ही ३० ट्रॅकिओस्टॉमी केल्या, एकालाही स्टेनोसिस नाही.' ३ भागिले ३० म्हणजे १० टक्के. दहात एकाला होत असेल तरी असा शून्य दिसू शकतो.

आता पुण्याकडे येऊ

जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी, नांदोशी या पट्ट्यात गिया-बारे सिंड्रोमचे, म्हणजे जीबीएसचे पेशंट अचानक वाढले. पोटाचा संसर्ग होतो, त्याविरुद्ध लढताना शरीराची प्रतिकारशक्ती चुकून स्वतःच्याच मज्जातंतूंवर हल्ला करते, आणि पायांपासून वर चढत जाणारा अशक्तपणा येतो. एनआयव्हीच्या तपासणीत काही नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला, दूषित पाण्यावर बोट ठेवलं गेलं. फेब्रुवारी संपेपर्यंत संशयित आणि निश्चित मिळून आकडा २०० च्या पुढे गेला, संशयित धरून दहापेक्षा जास्त मृत्यू झाले. फेब्रुवारीच्या सुरुवातीला एकाच वेळी वीसेक पेशंट व्हेंटिलेटरवर होते.

जीबीएसमध्ये साधारण २० ते ३० टक्के लोकांना व्हेंटिलेटर लागतो आणि तो बऱ्याचदा आठवडेच्या आठवडे लागतो. म्हणून हा आजार आणि ट्रॅकिओस्टॉमी यांचं नातं जवळचं आहे. ट्रॅकमॅनचे ६.३ टक्के इथे आणून ठेवले की चार गोष्टी जुळत नाहीत.

एक: पुढचं आयुष्य

ट्रॅकमॅनमधले जवळजवळ एक तृतीयांश लोक ३० दिवसांत गेले, आणि दोन वर्षांत निम्म्याहून जास्त. त्यांचे मूळ आजारच तसे होते. जो माणूस गेला त्याला वर्षभराने स्टेनोसिस होऊ शकत नाही. संख्याशास्त्रात याला स्पर्धक धोका म्हणतात: एक घटना दुसऱ्या घटनेची संधीच काढून घेते.

जीबीएसचं उलटं आहे. युरोप-अमेरिकेतल्या अभ्यासांत यातला मृत्युदर ३ ते ७ टक्के दिसतो. पेशंट लहान मूल असतं, कॉलेजमधली मुलगी असते, नोकरी करणारा माणूस असतो. त्यातले बहुतेक जगतात आणि पुढची तीसचाळीस वर्षं तीच श्वासनलिका घेऊन जगतात. म्हणजे तिसऱ्या टप्प्यातली गुंतागुंत ट्रॅकमॅनच्या पेशंटपेक्षा यांच्यासाठी कितीतरी जास्त मोलाची आहे, आणि ६.३ टक्क्यांतून सगळ्यात कमी माहिती मिळते ती नेमकी तिचीच.

स्टेनोसिस लपून बसतं, ही आणखी एक अडचण. नलिका साधारण निम्मी अरुंद होईपर्यंत जिना चढतानासुद्धा फारसं जाणवत नाही, आणि बसल्याजागी धाप लागेपर्यंत तीन चतुर्थांश वाट बंद झालेली असते. मधल्या काळात 'दमा असेल' म्हणून पंप दिला जाऊ शकतो. त्यात जीबीएसमधून उठलेला माणूस मुळात जिना चढतच नाही. त्यामुळे धाप न लागणं हा पुरावा मानता येत नाही.

दोन: मोजणारा कुठे उभा आहे

त्या काळात रोज बुलेटिन यायचं. रकाने साधारण असे: संशयित, निश्चित, मृत्यू, आयसीयूत, व्हेंटिलेटरवर, घरी सोडलेले, शिवाय मनपा, नव्याने समाविष्ट गावं, पिंपरी-चिंचवड, ग्रामीण अशी विभागणी. साथ कुठे पसरतेय हे बघायला ही रचना योग्यच होती. ट्रॅकिओस्टॉमीचा रकाना त्यात नव्हता, आणि साथीच्या बुलेटिनमध्ये तो असावा असा माझा आग्रहही नाही.

अडचण तेव्हा येते जेव्हा संशोधक तोच डेटा उचलून निष्कर्ष काढायला बसतो. 'घरी सोडलेले' हा रकाना बुलेटिनसाठी शेवट आहे. नळी घेऊन घरी गेलेल्या माणसासाठी तिथे दुसरा टप्पा सुरू होतो. आयसीयूत नळी साफ करायला नर्स असते. ब्रिटनमध्ये तर व्हेंटिलेटरवरच्या एका पेशंटमागे एक नर्स हा निकष आहे. धायरीतल्या दोन खोल्यांच्या घरात ते काम बायको करते, आई करते, भाऊ करतो. सक्शन मशीन भाड्याने आणलेलं, वीज गेली तर पायाने चालवायचं मशीन आहे का, रात्री दोन वाजता नळी बंद झाली तर आतली नळी काढून धुवायची हे कुणी शिकवलंय का, यावर जीव अवलंबून असतो. यातली कुठलीही घटना हॉस्पिटलच्या फाइलमध्ये येत नाही, जोपर्यंत पेशंट परत तिथेच येत नाही. दुसऱ्या हॉस्पिटलमध्ये गेला तर पहिल्याच्या नोंदीत तो 'गुंतागुंत नाही' असाच राहतो.

ब्रिटनने हा प्रश्न वेगळ्या बाजूने हाताळला. २००८-०९ मध्ये वर्षभर देशभरातल्या हॉस्पिटलांकडून श्वसनमार्गाच्या फक्त गंभीर घटना गोळा केल्या, ज्याचा अहवाल २०११ मध्ये 'नॅप-४' नावाने आला. आयसीयूतल्या घटनांपैकी साधारण निम्म्या ट्रॅकिओस्टॉमीशी संबंधित निघाल्या, आणि त्यात नळी जागेवरून सरकणं ठळक होतं. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड सतत मोजणारं यंत्र वापरलं नव्हतं, हे कारण पुन्हा पुन्हा आलं. या अहवालाला आयसीयूपुरता नेमका भाजक नव्हता, म्हणून त्यातून टक्केवारी निघत नाही. तरी माणसं नेमकी कशाने दगावतात हे त्यातून कळलं. जॅक्सन यांच्याकडेही भाजक नव्हता. फरक हा की नॅप-४ ने प्रमाणाचा दावा केला नाही, कारणं शोधली. डेटा अपुरा असतानाही प्रामाणिक काम करता येतं, ते असं.

तीन: वेळेची तुलना

पुण्यातल्या नोंदी काढून 'लवकर ट्रॅकिओस्टॉमी झालेले विरुद्ध उशिरा झालेले' अशी तुलना करावी, हा विषय कुणाच्याही डोक्यात येईल. सावध राहा. ट्रॅकमॅनमध्ये गट आधी ठरले होते. जुन्या फाइली काढल्या की गट नंतर ठरतात. 'उशिरा' गटात जाण्यासाठी पेशंटला पंधराव्या दिवसापर्यंत जिवंत आणि व्हेंटिलेटरवर राहावं लागतं. जो आठव्या दिवशी गेला तो त्या गटात कधीच दिसणार नाही. मग उशिराचा गट उगाचच दणकट दिसतो.

जेजुरीला पोचलेल्या वारकऱ्यांची मुलाखत घेऊन 'दिवे घाट चढताना कुणालाच त्रास होत नाही' असं लिहिण्यासारखं हे आहे. ज्यांना त्रास झाला ते हडपसरहूनच घरी परतले असतील. या दोषाला इंग्रजी पेपरांत 'इम्मॉर्टल टाइम बायस' म्हणतात. तो टाळायचा तर प्रत्येक पेशंटचं घड्याळ एकाच क्षणापासून सुरू करावं लागतं, म्हणजे व्हेंटिलेटर लावला त्या दिवसापासून, आणि ट्रॅकिओस्टॉमी ही त्या घड्याळावरची एक घटना म्हणून नोंदवावी लागते.

जीबीएसमध्ये आणखी एक गुंता आहे. या आजारात हृदयाचे ठोके आणि रक्तदाब सांभाळणाऱ्या मज्जातंतूंवरही परिणाम होतो. अशा पेशंटला नळीतून सक्शन करताना ठोके एकदम मंदावू शकतात. मग ही गुंतागुंत कुणाच्या खात्यात टाकायची? आजाराच्या, नळीच्या, की सक्शनच्या? व्याख्या आधी लिहून ठेवली नसेल तर प्रत्येक नोंदणारा आपापल्या मनाने ठरवेल.

चार: आवाज

हा मुद्दा मला सगळ्यात जास्त टोचतो. ट्रॅकिओस्टॉमीची नळी फुगवलेल्या फुग्यासह बसलेली असते तेव्हा हवा स्वरयंत्रापर्यंत जातच नाही. माणूस बोलू शकत नाही. आयसीयूतले अनेक पेशंट गुंगीत असतात, त्यामुळे कुणी हे मोजत नाही. जीबीएसचा पेशंट मात्र पूर्ण शुद्धीवर असू शकतो. त्याला सगळं ऐकू येतं, सगळं कळतं, वेदना होतात, खाज सुटते, भीती वाटते. आवाज नाही, आणि हातही चालत नाहीत, म्हणजे लिहूनही सांगता येत नाही. पापणी मिटून हो-नाही, एवढंच. तेही चेहऱ्याचे स्नायू गेले असतील तर नाही.

कुठल्याही मोठ्या चाचणीच्या यादीत 'शुद्धीवर असताना इतके दिवस बोलता आलं नाही' ही गुंतागुंत म्हणून येत नाही. शस्त्रक्रियेचा तो अपेक्षित परिणाम आहे, अपघात नाही, असं उत्तर मिळतं. तर्क चुकीचा नाही. पण अपेक्षित असली तरी हानी ती हानीच, आणि ती कमी करता येते: नेमकी खूण ठरवणं, अक्षरांचा तक्ता वापरणं, पेशंट तयार झाल्यावर बोलण्याची झडप बसवणं. ही झडप डेव्हिड म्यूर या अमेरिकन तरुणाने शोधली. स्नायूंच्या आजारामुळे तो स्वतः व्हेंटिलेटरवर होता. ज्याला त्रास होता त्यानेच तो प्रश्न पहिल्यांदा प्रश्न म्हणून मांडला, यात आपल्यासाठी बरंच शिकण्यासारखं आहे. झडप बसवण्याआधी फुगा पूर्ण रिकामा करावाच लागतो, नाहीतर आत घेतलेला श्वास बाहेर पडायला वाटच राहत नाही. म्हणजे इथेही गुंतागुंत आहे, आणि तीसुद्धा मोजण्यासारखी.

मग चांगला अभ्यास कसा दिसेल?

कुणी पुण्यात हा विषय घेणार असेल तर माझ्या मते किमान इतकं हवं. साथीच्या काळात व्हेंटिलेटरवर गेलेले सगळे जीबीएस पेशंट यादीत घ्या, फक्त ट्रॅकिओस्टॉमी झालेले नकोत. घड्याळ व्हेंटिलेटरच्या दिवसापासून. एका हॉस्पिटलवर थांबू नका. सरकारी, मनपाचं, खासगी, ट्रस्टचं, सगळीकडचे घ्या, कारण कोण कुठे पोचतो हे पैशावर आणि पत्त्यावर ठरतं. तिन्ही टप्प्यांतल्या गुंतागुंतीची व्याख्या डेटा बघण्याआधी लिहा. नळी काढल्यावर तीन, सहा आणि बारा महिन्यांनी गाठा. लक्षणं विचारून थांबू नका, ईएनटी विभागाच्या मदतीने दुर्बिणीतून नलिका बघता येते का ते पाहा. आवाजाविना गेलेले दिवस हा स्वतंत्र रकाना ठेवा.

आणि प्रश्नावली मराठीत करताना एक शब्द जपून वापरा: कफ. आपल्या भाषेत कफ म्हणजे छातीतला कफ. नर्ससाठी कफ म्हणजे नळीचा फुगा. 'रोज कफ किती वेळा काढता?' या प्रश्नाला आजी 'दहा वेळा' म्हणेल आणि संशोधक लिहील, फुगा दहा वेळा रिकामा केला. फुग्याचा दाब २० ते ३० सेंटिमीटर पाण्याइतका ठेवायचा असतो. त्यावर गेला की श्वासनलिकेच्या अस्तराचा रक्तपुरवठा घटतो आणि स्टेनोसिसची बीजं तिथेच पडतात. म्हणजे नेमका जो धागा पकडायचा तोच या एका शब्दापायी हातून सुटेल. 'फुगा' आणि 'बेडका' असे दोन वेगळे शब्द वापरा आणि प्रश्नावली आधी चारपाच घरांत तपासून बघा.

शेवटी ट्रॅकमॅनवर अन्याय नको. तो अभ्यास मृत्यू आणि वेळ या प्रश्नासाठी बांधला होता आणि त्या प्रश्नाचं उत्तर त्याने चोख दिलं. गुंतागुंतीचा आकडा त्यात ओघाने आला. त्याला स्वतंत्र सत्य आपण बनवलं, उद्धृत करता करता.

पुढच्या वेळी कुठलाही गुंतागुंतीचा टक्का दिसला की त्याच्याशेजारी पेन्सिलने पाच गोष्टी लिहा: भागिले कोण, किती दिवस पाहिलं, व्याख्या काय, नोंद कुणी केली, आणि पेशंटला विचारलं का. पाचातली तीन उत्तरं पेपरमध्ये सापडली नाहीत तर तो आकडा तुमच्या सिनॉप्सिसमध्ये घालू नका. त्याऐवजी ती तीन न सापडलेली उत्तरं घाला. गाईडला ते आवडायची शक्यता जास्त आहे, आणि तुमचा संशोधन-प्रश्नही बहुधा तिथेच सापडेल.